टाकीवाल्या बाईंनी धरलेला डूख

नेत्रपेढीत सगळे त्यांना टाकीवाल्या बाई म्हणायचे. पाण्याच्या टाकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. प्रयोगशाळेच्या टोकाला एक अरुंद खोली होती. तिथे कमरेएवढ्या उंचीचं स्टीलचं पिंप उभं होतं आणि त्या पिंपाची राखण बाईंकडे होती. आत द्रवरूप नायट्रोजन असायचा. झाकण उचललं की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळायची आणि बाईंच्या चपलांभोवती जमायची. त्या वाफेखाली, बर्फालाही लाजवील अशा थंडीत, करंगळीएवढ्या कुप्या ओळीने उभ्या असायच्या. कुप्यांमध्ये माणसांच्या डोळ्यांतल्या मूळपेशी होत्या.

नव्या माणसाला बाई हे काम फार सोपं करून सांगायच्या. डोळ्याच्या पुढे एक काच असते. मेलेल्या माणसाने दान केलेली काच दुसऱ्याला बसवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या काचेवरची नाजूक साय रोज झिजते आणि रोज नव्याने येते. ती विणणारे कारागीर राहतात कडेला, जिथे डोळ्याचं काळं संपून पांढरं सुरू होतं तिथे. ही कड जळाली की कारागीर मेले. मग कितीही काचा बदला, महिन्याभरात वर पांढरा पडदा चढलाच म्हणून समजा. एकच डोळा गेला असेल तर दुसऱ्या डोळ्यातून चिमूटभर कड उसनी घेता येते. दोन्ही गेले तर कुणाकडे मागणार? पूर्वी दान आलेल्या डोळ्याची काच काढून घेतली की उरलेली कड कचऱ्यात जायची. आता ती बाईंकडे यायची. कड बारीक कापायची, पेशी सुट्या करायच्या, बशीत वाढवायच्या, मिनिटाला एक अंश अशा सावकाशीने गोठवायच्या आणि टाकीत उतरवायच्या. दाता निरोगी होता का, याचे सगळे अहवाल येईपर्यंत पेशी तिथे थांबायच्या, मग रुग्ण सापडेपर्यंत थांबायच्या. टाकीत वर्षं गेली तरी त्यांना काही होत नसे. अट एवढीच, की नायट्रोजन आटता कामा नये.

बाईंना हे काम मिळालं, तेव्हा त्यात त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं. मग धाकटीचा अपघात झाला.

धाकटी म्हणजे बाईंची बहीण, नऊ वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती. एका सकाळी जहाल कॉस्टिक सोड्याच्या पिंपाची नळी सुटली आणि फवारा तिच्या तोंडावर आला. तोंड बरं झालं. डोळे दुधाच्या काचेसारखे पांढरे झाले. उजेड कुठून येतो एवढं कळायचं, बाकी काही नाही. जीभ मात्र पहिल्यासारखीच तिखट राहिली. "ताई, आरशात बघून सांग, मी अजून तुझ्यापेक्षा बरी दिसते ना?" असं ती अधूनमधून विचारायची आणि बाई न चुकता "दिसतेस" म्हणायच्या.

तीन वर्षं थांबल्यावर धाकटीचा नंबर लागला. तिच्या ऊतींशी त्यातल्या त्यात जुळणारा दाता मिळाला. चार कुप्या तिच्यासाठी राखून ठेवल्या गेल्या, वरून दुसऱ्या कप्प्यात. ऑपरेशनची तारीख पडली. बाई दर खेपेला टाकी उघडली की त्या कप्प्याकडे एक नजर टाकायच्या.

पेढीचे प्रमुख एक साहेब होते. पाठीमागे त्यांना सगळे इस्त्री म्हणायचे, कारण त्यांच्या पांढऱ्या कोटाला कधी घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. माणूस हुशार होता, हे बाईसुद्धा कबूल करायच्या. पण पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. परदेशी पाहुणे, वर्तमानपत्रवाले, दुसऱ्या पेढीचे प्रमुख, कुणीही चालायचे.

ऑपरेशनला पंचवीस दिवस असताना, गुरुवारी, बाईंच्या लक्षात आलं की टाकीच्या मानेवर दव धरलंय. टाकीला दुहेरी भिंत असते आणि मधे पोकळी असते. पोकळीत हवा शिरली की भिंत बाहेरून गार पडते आणि आतला नायट्रोजन भराभरा उडून जातो. बाई साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, टाकीच्या मानेला घाम येतोय."

"उकडतंच आहे बाई. मलाही येतोय."

"टाकी म्हातारी झाली म्हणतेय मी. कुप्या दुसऱ्या टाकीत हलवूया."

"शनिवारी पाहुणे येताहेत. दुसरी टाकी त्यांना उघडून दाखवायची आहे, स्वच्छ, रिकामी. सोमवारी बघू."

"मग मी लेखी देते."

"द्या ना," साहेब म्हणाले. बाईंनी चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी लाकडी काठी टाकीत उतरवली, दहापर्यंत मोजलं आणि काठी बाहेर काढून हवेत हलवली. दहिवराची रेघ एकतीस सेंटिमीटरवर उमटली. एरवी ती पंचेचाळीसवर असायची. बाईंनी वहीत नोंद केली आणि नायट्रोजन आणून देणाऱ्या गॅसवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी पहिली फेरी तुमची. एकतीस म्हणजे सोमवारपर्यंत कशीबशी तगली असती, आणि नाही तगली तरी टाकीवर इशाऱ्याचं खोकं होतं. पातळी तिसाच्या खाली गेली की ते टिवटिव करायचं आणि विसाच्या खाली गेली की बाईंच्या फोनवर निरोप पाठवायचं. अकरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. शनिवारी साहेबांनी बाईंना सुट्टीच दिली होती. "पाहुण्यांसमोर बोलणारी माणसं लागतील," असं म्हणाले होते.

शनिवार गेला, रविवार गेला. फोन वाजला नाही. बाई निर्धास्त होत्या.

सोमवारी साडेसातला त्यांनी झाकण उचललं. वाफ आली नाही. काठी घातली, कोरडी निघाली. दुसऱ्या कप्प्यातली एक कुपी त्यांनी हातात घेतली आणि उजेडात धरली. आतलं पाणी डुचमळलं. चौतीस दात्यांच्या दोनशे बारा कुप्या होत्या, आणि त्यातली एकही उपयोगाची उरली नव्हती.

बाई टाकीला धरून उभ्या होत्या तेवढ्यात साहेब आले. मागे चारपाच जण होते. बाईंनी तोंड उघडायच्या आत, काय झालं हे विचारायच्याही आत, साहेब म्हणाले, "बाई, हे काय केलंत तुम्ही?"

हे वाक्य बाईंच्या मनात रुतलं ते कायमचं. न विचारता त्यांना कळलं कसं?

चौकशी वीस मिनिटांत आटपली. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. वहीतलं शुक्रवारचं पान जागेवर नव्हतं. बाईंनी लेखी दिलेला कागद साहेबांनी कधी पाहिलाच नव्हता म्हणे. खोकं चालू होतं, वायरमनने सोमवारी तपासून सही केली होती. वायरमन दाराशी उभा होता. तो सगळा वेळ फरशीकडे बघत राहिला. शेवटी साहेबच मोठ्या मनाने म्हणाले, "जुन्या आहेत. घरी अडचण आहे. कामावरून काढू नका, मी सांभाळून घेतो." बाईंची बदली काचेची भांडी धुण्याच्या खोलीत झाली. कुणीतरी म्हणालं, बाई, साहेबांचे आभार माना. बाईंनी मान खाली घातली आणि "आभारी आहे" म्हणाल्या. पुढे कितीतरी वेळा, आंघोळ करताना, जिना चढताना, ते दोन शब्द आठवले की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

धाकटीचं ऑपरेशन रद्द झालं. नव्या टाकीत पुरेशा कुप्या जमायला चौदा महिने लागले. तिला जुळणारा दाता मिळायला आणखी. सातव्या महिन्यात धाकटीच्या डाव्या डोळ्यात जखम झाली, ती चिघळली आणि बुबुळाला भोक पडलं. डोळा काढावा लागला. पट्टी बांधलेली धाकटी खाटेवर बसून म्हणाली, "ताई, एक गेला. आता इस्त्रीचं काय करायचं ते दुसरा जायच्या आत ठरव."

बाईंनी ठरवलं नव्हतं असं नाही. भांडी धुताना दुसरं करायचं तरी काय असतं? ब्रश बाटलीत फिरायचा आणि मनात साहेब फिरायचे. कधी ते जिन्यावरून पडायचे, कधी भर सभेत त्यांची वाचा जायची. साहेब समोरून गेले की बाई हसून बाजूला व्हायच्या, "नमस्कार साहेब" म्हणायच्या. तेही हसायचे. त्यांना वाटलं बाई विसरल्या.

एकदा फार वाईट वेळ आली. नव्या टाकीवरची मुलगी चहाला गेली होती. खोली उघडी होती. बाई ट्रे घेऊन दाराशी थांबल्या आणि मग आत गेल्या. टाकी आता आपोआप भरणारी होती आणि भरणीचा नळ कोपऱ्यात होता. तो बंद करून ठेवला, खोक्याची वायर सैल केली, की आठवड्यात काम तमाम. साहेबांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. बाईंचा हात नळावर होता. मग त्यांना वाटलं, दोष साहेब त्या चहाला गेलेल्या पोरीवर ढकलतील, जसा माझ्यावर ढकलला. आणि कप्प्यातल्या कुप्या तर कुणा ना कुणा धाकटीच्याच. त्यांनी हात काढला.  त्या दिवसापासून त्यांनी ठोस पुरावा शोधायचं मनावर घेतलं.

भांडी धुण्याच्या खोलीला लागून भंगाराची खोली होती. मोडक्या खुर्च्या, निकामी उबवणपेट्या, वायरी यांच्या खाली त्यांना जुन्या टाकीचं ते इशाऱ्याचं खोकं मिळालं. त्यांनी ते भंगारवाल्याच्या नजरेतून दोन वेळा वाचवलं, मोडक्या कपाटाच्या मागे सरकवून ठेवलं. मग एक दिवस गॅसवाला रिकामी पिंपं न्यायला आला, तेव्हा त्याला हळूच आत बोलावलं.

"हे अजून बोलेल का?"

गॅसवाल्याने खोकं उलटंपालटं केलं. "याला आतली बॅटरी असते बाई, फक्त नोंदींपुरती. वीज गेली तरी याची आठवण जात नाही. चालू करून बघूया."

खोक्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर अक्षरं सरकू लागली. त्यांत त्या शनिवारची नोंद होती: सकाळी नऊ चाळीस, वीज तोडली. त्याखाली: सोमवार, सकाळी सात दहा, वीज जोडली. सात दहा म्हणजे बाई यायच्या वीस मिनिटं आधी.

"त्या शुक्रवारी मी तुला फोन केला होता, आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? पावतीवर मी लिहिलेलं आहे. तातडी, पातळी एकतीस. आमच्याकडे पावत्या पाच वर्षं ठेवतात." त्याने खोक्याची पिन काढली. "बाई, तुम्ही तेव्हा मला का नाही विचारलंत?"

 वीस मिनिटांच्या चौकशीत त्यांना ते सुचलंच नव्हतं.

वायरमन निवृत्त झाला होता. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो खिडकीशी गुडघ्याला तेल चोळत बसला होता. बाईंना बघून त्याने बाटलीचं बूच लावलं.

"मला माहीत होतं, कधीतरी याल."

"वीज तुम्ही तोडलीत?"

"साहेब म्हणाले, पाहुणे असताना टिवटिव नको. काल संध्याकाळपासून सारखं वाजतंय म्हणाले. मी म्हटलं, वाजतंय तर काहीतरी कारण असेल. तर म्हणाले, तुम्ही वायरमन आहात, डॉक्टर नव्हे." त्याने गुडघा आखडून घेतला. "सोमवारी पहाटे फोन आला, लवकर या आणि जोडा. टिवटिव आणि निरोप त्या दिवसापुरते बंद ठेवून मी जोडलं. मग सहीला कागद पुढे आला. माझ्या निवृत्तीला चार महिने होते, बाई."

"हे लिहून द्याल?"

 आतून त्याची बायको बाहेर आली. ओला हात पदराला पुसत म्हणाली, "द्या लिहून. नाहीतरी एवढी वर्षं झोपेत तेच बडबडताय."

त्याने लिहून दिलं. अक्षर वेडंवाकडं होतं पण तारीख, वेळ, सगळं नीट होतं. बाईंनी कागद पिशवीत ठेवला आणि घरी येईपर्यंत पिशवी पोटाशी धरली.

आता खरी पंचाईत झाली. दर तीन वर्षांनी परवाना तपासायला अधिकारी यायचे, ते पंधरा दिवसांनी येणार होते. साहेबांची दुसऱ्या, दुप्पट मोठ्या पेढीचे संचालक म्हणून निवड झाली होती, महिन्याभरात ते जाणार होते. आणि धाकटीला दुसऱ्यांदा दाता मिळाला होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे होते. रांगेत तिचा नंबर तिसरा. बाईंनी तोंड उघडलं की पेढीला कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दोन दिवस बाईंनी ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी धाकटीच म्हणाली, "ताई, तू भाजी चिरतेस का कुणाचा गळा? सांग काय झालं."

बाईंनी सगळं सांगितलं. "मी म्हणते, तुझं होऊन जाऊ दे. मग बघू त्याच्याकडे."

"तोवर तो गेलेला असेल. खुर्ची मोठी, माणसं नवी. तिथे तुला दारात तरी उभं करतील का?"

"तुझा डोळा महत्त्वाचा."

"माझ्या डोळ्याआड लपू नकोस," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीन वर्षं आणि वर तीन वर्षं मी काळोखात बसलेय. आणखी एक बसेन. पण तो वर चढला आणि मी त्याच्या मेहेरबानीच्या कुपीने बघायला लागले, तर मला ते दिसणं नको."

"रांगेत तुझ्याशिवाय पंधरा माणसं आहेत."

धाकटी चाचपडत जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आहेत. त्यांना विचारलं तर नको म्हणतील. मीसुद्धा म्हटलं असतं, तो इस्त्री नसता तर. म्हणून विचारायचं नाही. हे पाप आपल्या दोघींचं, अर्धं अर्धं."

तपासणीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत दोन अधिकारी बसले होते, एक वयस्क गृहस्थ आणि एक चष्मेवाल्या बाई. साहेब भिंतीवर आकडे दाखवत होते. दार ढकलून टाकीवाल्या बाई आत आल्या. हात कोपरापर्यंत ओले, अंगावर रबरी एप्रन, हातात भांड्यांचा ट्रे. ट्रेमध्ये खोकं होतं.

"बाई, आत्ता नको," साहेब हसत म्हणाले.

"आत्ताच," बाई म्हणाल्या.

त्यांनी ट्रे अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला, गुडघे टेकून टेबलाखाली वाकल्या आणि पिन लावली. खोकं टिवटिवलं. बाई सरळ उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं. आवाज ऐकताच त्यांचा हात आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला होता.

"ही जुन्या टाकीची आठवण आहे," बाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "त्या शनिवारची ओळ वाचा. मग हे वायरमनचं पत्र वाचा. मग ही गॅसवाल्याची पावती. शुक्रवारी पातळी मोजलीच नाही असं माझ्यावर लिहिलंय. मग एकतीस हा आकडा पावतीवर आला कुठून, तेवढं साहेबांना विचारा."

चष्मेवाल्या बाईंनी तिन्ही गोष्टी सावकाश वाचल्या. वयस्क गृहस्थांनी पुन्हा वाचल्या. साहेब म्हणाले, "भंगारातलं खोकं आहे ते. कुणीही काहीही करू शकतं."  मग त्यांनी आवाज उतरवला, जणू खोलीत ते दोघंच होते. "बाई, मी तुम्हाला सांभाळून घेतलं होतं."

"हो साहेब. तेच आज फेडतेय."

चष्मेवाल्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि टाकीवाल्या बाईंना बसायला सांगितलं. प्रश्न दुपारपर्यंत चालले. चारच्या सुमारास पेढीच्या दाराला कुलूप आणि वर लाखेची मोहोर लागली. साहेब जिना उतरत होते तेव्हा भांडी धुणाऱ्या बायका, टाकीवरची मुलगी, सगळे कठड्याशी उभे होते. कुणी नमस्कार केला नाही. बाईंनी मुद्दाम केला. "नमस्कार साहेब," त्या म्हणाल्या, आणि त्या दोन शब्दांची गोडी त्यांना किती तरी दिवस पुरली.

साहेबांची मोठी खुर्ची गेली, पेढी चालवायचा परवानाही गेला. पण पेढी बंद राहिली आठ महिने. आतल्या गोठवलेल्या कुप्या जगवायला कुणीतरी आत जाणं भाग होतं. अधिकाऱ्यांनी कागदावर एकच नाव लिहिलं. आठवड्यातून दोनदा बाईंसाठी लाख फोडली जायची, त्या ओसाड खोल्यांतून टाकीपाशी जायच्या, काठी घालायच्या, नायट्रोजन भरायच्या, बाहेर यायच्या आणि दाराला पुन्हा लाख लागायची.

त्या आठ महिन्यांत रांगेतले पहिल्या नंबरचे गृहस्थ गेले. शाळामास्तर होते, भट्टीच्या चुन्याने डोळे गेलेले. बाई त्यांच्या घरी गेल्या. मास्तरांच्या मुलीने चहा दिला आणि म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत विचारत होते, पेढी उघडली का. कुणीतरी भांडण काढलं म्हणे तिथे." बाईंनी कप खाली ठेवला. भांडण मी काढलं, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि घरी आल्या. धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणाली, "अर्धं माझं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. साहेबांवरचा राग त्यामुळे कमी झाला का? मुळीच नाही. मास्तरांचा हिशेबही बाईंनी त्यांच्याच नावावर टाकला. पण तो तिथे नीट बसत नव्हता, हे त्यांना कळत होतं.

पेढी उघडली तेव्हा नवीन प्रमुख आल्या, तरुण, कोट कायम चुरगळलेला. त्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी टाकीची किल्ली दिली. धाकटीच्या कुप्या बाईंनी स्वतः काढल्या, कोमट पाण्यात धरल्या. कडेकडेने बर्फ वितळून मधे जोंधळ्याएवढा खडा उरेपर्यंत त्यांनी श्वास रोखला होता. पेशी जिवंत निघाल्या. दोन आठवडे त्या पातळ पापुद्र्यावर वाढल्या. मग ऑपरेशनवाल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावरचा पांढरा पडदा खरवडून काढला आणि तो पापुद्रा कडेने बसवला. परक्याच्या पेशी शरीराने झिडकारू नयेत म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आधी धुकं दिसलं, मग बोटं, मग खिडकीच्या गजांच्या रेघा. सात महिन्यांनी काचही बदलली. पट्टी सुटल्यावर धाकटीने ताईकडे खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "खोटारडी. मी तुझ्यापेक्षा बरी दिसत नाही."

"दिसतेस," बाई म्हणाल्या.

मग तिने दुसरी गोष्ट मागितली. "आता मला तो दाखव."

साहेब आता चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, नंबर काढून द्यायचे. दुकानात तीन खुर्च्या आणि एक पडदा. बाई पडद्याबाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसल्या. धाकटी आत गेली. तिने हनुवटी यंत्रावर टेकवली. साहेबांनी दिव्याची चीर तिच्या डोळ्यावर फिरवली आणि थांबले. पुन्हा फिरवली.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. आवाजात खराच आनंद होता. "दात्याच्या मूळपेशी ना? कड किती स्वच्छ धरलीय. कुठे केलंत?"

"तुमच्याच पेढीत. म्हणजे तुम्ही गेल्यावर," धाकटी म्हणाली. "याआधीही एकदा ठरलं होतं. पण टाकी आटली. डावीकडे आहे ना, तो काचेचा आहे. तुम्ही टिवटिव बंद केली होती ना, खरा त्यात गेला."

 बाईंनी बाकाची कड घट्ट धरली होती. साहेब रडतील, दम देतील, हाकलून देतील, काय वाटेल ते त्यांना चाललं असतं.

"हनुवटी हलवू नका," साहेब शेवटी म्हणाले.  "नंबर काढायचा राहिलाय."

"काढा की," धाकटी म्हणाली. "तुम्हाला नीट बघता यावं म्हणूनच आलेय. अजून जवळ या. तुम्ही मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटके आहात."

त्यांनी अक्षरांची पाटी लावली, काचा बदलल्या, "ही बरी की ही?" असं आठदहा वेळा विचारलं. धाकटी प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देत गेली. साहेबांनी नंबराचा कागद दिला आणि दोघी जिन्यावर आल्या. बाईंनी विचारलं, "माफी मागितली?" धाकटी म्हणाली, "नाही. मागायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि मागितली असती तर मी दिली नसती. बरं झालं."

चष्मा त्याच कागदावरून दुसऱ्या दुकानात करून घेतला. नंबर अगदी बरोबर निघाला. धाकटी तो लावून खिडकीशी वाचत बसते, आणि बाईंना त्याचाच अजून राग येतो.